पंधरा मिनिटं पाणी

कॅम्पातल्या टँकरचा हिशोब माझ्याकडे.
माणशी दोन बादल्या, जुम्म्याला तीन,
वहीत सह्या, नळाची किल्ली माझ्या कमरेला.
इब्रीपासून नव्वद किलोमीटर आत,
जिथं रस्ता संपतो
आणि आम्ही तो पुढे ओढत असतो.

कोल्हा आला तो उजाडल्यावर.
एवढासा. नुसते कान.
पळाला नाही, तेव्हाच कळायला हवं होतं.
रानातलं जनावर भीत नसेल
तर आपण भ्यावं,
हे गुहागरकडच्या पोरालाही ठाऊक असतं.
मी मात्र यू यू करत वाकलो,
हातात खुबूसचा तुकडा.

घोट्यावर दोन भोकं. रक्त थेंबभर.
फोरमन म्हणाला, खरचटलंय, पट्टी लाव.
कुणी चुना म्हणालं, कुणी तिखट.
चुना मी पाहिलाय,
आमच्या वाडीत, पांडू गुरवाच्या पोटरीवर.
दीड महिन्यानं त्याच्यापुढं पाण्याचा पेला धरला
तर तो भिंतीत शिरायला बघत होता.
त्यापुढचं मी कुणाला सांगत नाही.

मोतालेबनं काही विचारलं नाही.
माझ्या कमरेची किल्ली काढली, नळ सोडला,
कपड्यांच्या साबणाची वडी हातात दिली
आणि घड्याळ बघत उकिडवा बसला.
पंधरा मिनिट, म्हणाला. वाहू दे.

कढत पाणी. फेस. वाळू लगेच पिऊन टाकायची.
समोर बादल्या घेऊन रांग उभी,
ज्यांना काल मी तांब्याभर जास्त दिलं नव्हतं.
कुणी बोललं नाही.
मी मनात लीटर मोजत होतो, सवयीनं.
चाळीस. साठ.
सातव्या मिनिटाला म्हटलं, पुरे रे.
तो म्हणाला, आठ राहिली.

मग गुलरेजनं पिकअप हाणली.
शम्सा नावाच्या नर्सनं
आधी जखमेतच सुई घातली, मग दंडात,
आणि कार्डावर तारखा लिहिल्या.
एकही चुकवायची नाही, म्हणाली,
मोडक्या हिंदीत, दोनदा.

घरी कळवलं, पाय मुरगळलाय.

आता रोज रात्री पेला भरतो,
जरा वेळ त्याच्याकडे बघतो,
आणि पितो.

वहीत त्या तारखेला माझ्या नावापुढं
बादल्यांचा रकाना कोराच आहे.
सही तेवढी झालीय,
बंगालीत.