बोअर क्रमांक तीन

साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा
पाऊण मीटरवरून सोडायचा.
मी मोजायचं.
पहिल्या पंधरा सेंटीमीटरचे ठोके लिहायचे, धरायचे नाहीत.
वरची माती बोअरनं उचकटलेली असते,
तिचं बोलणं मनावर घ्यायचं नाही.
पुढच्या तीसचे तेवढे खरे.

कसबा बावड्याच्या पुढं, उसाचा फड मोडून केलेला प्लॉट.
सात मजले येणार.
फलकावरच्या गॅलरीत एक बाई
आधीच कप घेऊन उभी आहे.

विंचवर दस्तगीर मुजावर.
अकरा वर्षं आखातात होता, वाळूच्या शहरात.
"मॅडम, तिथं साठ मीटर गेलो तरी खडक असा न्हाईच.
हातात चुरला की साखर.
पाऊस न्हाई, झाड न्हाई,
आन् अडीच मीटरवर पाणी लागलं की ओ!
जिभेला लावलं. निव्वळ मिठागर.
तिकडची जमीन पाण्यानं बसती."
इकडची फुगते, मी म्हटलं.
त्यानं खटका ओढला.

बोअर एक: काळी माती दीड मीटर, मग मुरूम,
सव्वाचारला पन्नास ठोके, बोटभर हलेना.
बोअर दोन: तसंच.
पेटीत काळ्या पाषाणाचे तुकडे ओळीनं मांडले,
खडूनं खोली लिहिली, बबन्यानं वर पाणी मारून
फोटोसाठी चकाकते केले.

बोअर तीन.
तीन मीटरला: एक. एक. शून्य.
शून्य म्हणजे हातोडा उचललाच नाही.
दांडा आपल्याच वजनानं खाली गेला,
झोपलेल्या घरात कुणी उशिरा शिरावं तसा.
नळीत आला विटांचा चुरा, पोत्याचा निळा धागा,
हिरव्या काकणाची काच,
आणि एक वास. पाचटाचा नव्हे,
कोंडलेल्या पाण्याचा.

पलीकडच्या गोठ्यातून आक्काताई खाडे बघत होत्या.
शेणाचे हात तसेच.
"हीर हाय ती. महापुरानंतर बुजीवली.
पाच परस. आमचं मामंजी तळातनं माती काढून दाखवायचं."
मग धार काढायला गेल्या.

फोन आला. निंबाळकर साहेब.
"तिन्हींची सरासरी काढा की. दोन तर चांगलेत."
सरासरी काढता येते.
एकवीस, तेवीस, एक.
पंचेचाळीस भागिले तीन, पंधरा.
पंधरा हा आकडा वाईट नाही.
पण पंधरा इथं कुठंच नाही.

उद्यमनगरातल्या लॅबमध्ये मी दोन नळकांडी भरून आले होते.
दहा-दहा ग्रॅम, एकाच ढेकळाची काळी माती.
एकीवर रॉकेल, एकीवर पाणी.
चोवीस तासांनी रॉकेलमधली जशीच्या तशी,
मुकाट, दहाच्या रेघेवर.
पाण्यातली एकोणिसावर चढलेली.
मला नेहमी वाटतं ती ओळखते.
असं अहवालात लिहीत नाहीत.

आम्ही खाली जात राहिलो. चार. सहा. आठ.
एक. दोन. एक.
बबन्या कंटाळून ऊस सोलत बसला.
नऊ मीटर दहाला
ठण्ण.
दस्तगीरनं विंच थांबवला, माझ्याकडं बघितलं.
मी परसाचे मीटर केले, पानाच्या कोपऱ्यात.
मामंजींचं माप चुकलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची पातळी:
दोन मीटर पन्नास.
दस्तगीर टेपवरचा आकडा बघत राहिला.
मग टेपचं ओलं टोक बोटानं पुसलं
आणि मी नको म्हणेपर्यंत जिभेला लावलं.
थुंकला.
"कुजकंय," म्हणाला. थोड्या वेळानं,
"पण गोडं हाय."

तक्त्यात चवीचा रकाना नाही.
ठोक्यांच्या रकान्यात मी एक लिहिला,
सही केली, तारीख घातली.
बोअर चार सहा मीटर उत्तरेला.
डिझेल कमी आहे, कुणीतरी शिरोली नाक्यावरून आणा.