उटी

दर अमावस्येला माधवनगर रोडवर
माझ्या रेडियमच्या दुकानापुढं, बाकावर
तिघं येऊन बसतात. चौथा खाली, पायरीवर.
नारळ फोडायला गाड्या उरल्या नाहीत त्यांच्याकडं,
खोबरं तेवढं आणतात, गूळ घालून,
आणि चहा यायच्या आत जुंपते.

भूपाल मगदूम म्हणतात, बेडफर्डला तोड नाही.
इंजिन कसं, शिवणयंत्र!
बॉनेटवर भरली कपबशी ठेवा,
थेंब सांडला तर मिशी उतरवीन.
मिशी मागंच उतरली आहे,
मिरजेत, ऑपरेशनच्या टेबलावर.

बाबालाल तांबोळी लेलँडचे.
बेडफर्ड म्हणजे वऱ्हाडाची गाडी, म्हणतात,
शंभर पोती हळद घाल आणि
कुंभार्ली उतरून दाखव, गिअरवर, ब्रेकला पाय न लावता.
मग डबल क्लचचा तो आवाज
तोंडानं काढतात
आणि शेजारच्या गॅरेजमधलं कुत्रं उठून उभं राहतं.

उपाध्ये ड्रायव्हर नव्हेत.
पद्मावती गुड्स मोटार सर्व्हिसचे दिवाणजी.
इंजिनातलं ओ की ठो कळत नाही,
पण कुठली कॉमर कुठल्या तारखेला
वाईच्या अलीकडं रात्रभर उभी होती
ते बिल्टीच्या नंबरासकट सांगतात.
कंपनी बुडून अडतीस वर्षं झाली,
अजून म्हणतात, आपल्या चार गाड्या.

परवा वाद रंगावर गेला.
पद्मावतीचा रंग कुठला?
भूपाल म्हणाले मोरपंखी.
बाबालाल, शेवाळी, डोळे तपासून घे.
उपाध्ये, कागदोपत्री निळा.

मग मी आत जाऊन अब्बांची वही काढली.
इस्माईल पेंटर, मिरज.
पानापानावर बोटानं फासलेला एकेक रंग,
शेजारी मालकाचं नाव, खाली बाकी.
जयकृष्ण लॉरी, शेंदरी, चौदा रुपये.
नरदे बंधू, लिंबोणी, अक्षरांना काळी सावली, पावती मिळाली.
पद्मावतीच्या पानावर कसरीनं
नेमका रंग खाल्लेला.
बाकी तेवढी शाबूत: सात रुपये.
उपाध्ये खाली बघत म्हणाले, देऊन टाकतो.

तेव्हा पायरीवरचा यल्लाप्पा हलला.
जन्मभर किन्नर.
स्टेअरिंगला हात लागला तो फडक्यानं पुसताना.
घाटात गिअर सुटला की उडी टाकायची,
मागच्या चाकाखाली उटी सारायची, अंगठे सांभाळून.
एक अंगठा सांभाळायचा राहिला.

त्यानं पिशवीतून उटी काढली.
बाभळीची, काळी, गुळगुळीत.
आता घरी दाराला लावतो, म्हणाला, वारं लई असतंय.
मग माझ्याकडं बघून:
तुझा बाप सर्व्हिसचा शेवटचा स काढत हुता.
गुळाचा लोड थांबल्याला, मालक वरडाय लागलं.
त्यानं ब्रश हिच्यावर पुसला आन् उतरला.
त्या सला तांबडी किनार मिळालीच न्हाई बघ.
मुंबईपर्यंत तसाच जायचा, उघडा.

उटीच्या कुशीत, चाकाच्या माराबाहेर,
नखाएवढा रंग होता.
ना हिरवा ना निळा.
वांग्याच्या देठाशी असतो ना, तसला काहीतरी.
दोन मोटारसायकली गेल्या तोवर
कुणीच बोललं नाही.

मग भूपालनी चष्मा चढवला.
मी काय म्हणत होतो? मोरपंखी.
बाबालाल म्हणाले, शेवाळीच की हा.
उपाध्ये सुट्टे मोजत होते.

तांबड्या रंगाचा अब्बांचा डबा शोधला.
तळाशी दगड झालेला.
म्हणून लाल रेडियमची काडीएवढी पट्टी कापली
आणि विचारलं, यल्लाप्पाकाका, लावू का इथं, किनार म्हणून?

त्यानं उटी पिशवीत घातली.
नको बाई, म्हणाला.
चाकाखाली गेली की निघंल ती.