हातचा

हुसाविकच्या धक्क्यावर, मासळीच्या जुन्या गोदामात
देवमाशांच्या आवाजांचा सर्व्हर ठेवलाय.
फेब्रुवारीचा पहिला आठवडा,
सकाळचे नऊ, उजाडायचंय अजून.
डिस्क म्हणते, सत्त्याण्णव टक्के भरले.
मी मोजते तर भरतात एकसष्ट.
हातचा विसरले की काय, म्हणून पुन्हा मोजलं.
मधे छत्तीस उरतातच,
एकमेकांकडे पाठ करून बसलेले.

काळ्या पडद्यावर अर्ध्या ओळीची आज्ञा.
फक्त दोन पायऱ्या खाली उतर.
एक जीबीच्या आतलं दाखवू नकोस.
ह्याच डिस्कवर राहा, शेजारच्या उंबऱ्यात पाय नको.
दोन अटींच्या मधे नुसती मोकळी जागा,
अंगठ्याच्या एका ठोक्याएवढी.
तिथं 'आणि' असतं, न लिहिलेलं.
प्रत्येक 'आणि'गणिक यादी वाळत जाते
बाहेर दांडीवर टांगलेल्या कॉडसारखी.

हे झालं लपवणं.
लपवलेलं मोजलं तरी जातं,
खालच्या पायरीचं ओझं
वरच्या पायरीच्या आकड्यात येऊन बसतं मुकाट्यानं.
दृष्टीआड होतं, हिशेबाआड नाही.

'वगळ'चं तसं नाही.
वगळलेल्याचं दारसुद्धा उघडत नाही यंत्र.
आणि 'वगळ' दोनदा लिहिलं
तर मधली तीच मोकळी जागा 'किंवा' होते:
हे किंवा ते, जे सापडेल ते वजा.

ह्या सगळ्या आज्ञेला मी कधीतरी
तीन अक्षरांचं टोपणनाव दिलं होतं.
पाच वर्षं तेच टाइप करतेय.
आज उलगडून पाहिलं.
आत दोन 'वगळ'.
पहिलं, तात्पुरत्या फायली.
दुसरं, थोरगिल्स.

दर सोमवारी यादी निघायची
आणि सगळ्यात वर हाच, सगळ्यात जास्त जागा खाणारा.
स्वानहिल्डुर त्याला कॉफीचा दंड करायची.
त्या ऑक्टोबरात बोट परत आली, तो आला नाही.
सोमवारी यादी मात्र निघाली.
वर तोच.
मी एक शब्द वाढवला आज्ञेत.
त्याला कुणाची सही लागत नाही.

आता तो शब्द खोडला.
एक जीबीची अटही काढली, आणि पायऱ्यांची.
पडदा वाहायला लागला, थांबेना.
अडीच लाखांहून जास्त फायली,
दहा-दहा मिनिटांच्या, सत्तावन्न एमबीच्या,
एकही एवढी मोठी नाही की नजरेत भरावी.
खाडीच्या तळाशी त्यानं सोडलेला मायक्रोफोन
केबलीच्या टोकाला अजून जागा आहे.
तो बंद करायचं कुणाला सुचलंच नाही.
त्याच्याच नावानं लिहितोय,
रात्रंदिवस.

एक उघडून ऐकली, मधलीच कुठलीतरी.
ट्रॉलरचं इंजिन. बराच वेळ तेवढंच.
मग खडे घरंगळल्यासारखं काहीतरी.
मग पुन्हा इंजिन.

पुसणं एका ओळीचं काम आहे.
नव्या डिस्कचा अर्ज तीन पानांचा.
अर्ज भरायला घेतला.
दुसऱ्या पानावर रकाना:
वापरकर्ता सध्या कार्यरत आहे का?

शेवटची नोंद पाहिली.
आजची. नऊ वाजून पन्नास मिनिटं.

'हो'वर खूण केली.