कर्ता कोण?

तिसरा तास. खिडकीतून मांसाच्या कारखान्याची चिमणी दिसते.
वारा दक्षिणेचा असला की तावदानं ओढून घ्यायची.
नेब्रास्कात वाऱ्याला कुणी जाब विचारत नाही.

अकरावीचा इंग्रजीचा वर्ग. सव्वीस मुलं, सात भाषा,
आणि आठवी वेस्ली कुबिचेकची,
जो बोलतच नाही.

अभ्यासक्रमात छापलंय : वर्षाअखेर विद्यार्थी
मुद्दा मांडेल, पुरावा देईल,
विरुद्ध बाजू आधी स्वतःच मांडून मग खोडेल,
दोन ओळींच्या मधलं वाचेल.
तेवीस वर्षं मी या यादीखाली सही करते आहे,
पार्सलवाल्याच्या पावतीवर करावी तशी,
आत काय आहे न बघता.

ऑक्टोबरात पॅसिव्ह व्हॉइस घेतला.
फळ्यावर लिहिलं : खिडकी फोडली गेली.
म्हटलं, कर्ता शोधा.
दलमार म्हणाला, "मी नाही, मिस ह्रुस्का!"
वर्ग हसला. मीही.
म्हटलं, हे वाक्य हातमोजे घालून येतं.
काम उरकतं, ठसे उरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी इत्झेल ओरोपेझानं
चार घड्यांचा एक कागद माझ्या टेबलावर ठेवला.
कारखान्याचा अहवाल, तिच्या आईच्या उजव्या हाताबद्दल.

पट्ट्याचा वेग वाढवण्यात आला होता.
हात योग्य जागी ठेवला गेला नव्हता.
दोन बोटं गमावली गेली.

प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलची रेघ,
आणि समासात तोच एक शब्द, नऊ वेळा :
कोणी?

हा गृहपाठ मी दिला नव्हता.

मग पुढचे तीन आठवडे पाठ्यपुस्तक कपाटातच राहिलं.
एह पॉचे वडील त्याच पट्ट्यावर;
वेग वाढला तो सोमवार त्यांनी कॅलेंडरवर खुणावून ठेवला होता,
का, ते त्यांनाही सांगता आलं नाही.
इत्झेलच्या पहिल्या खर्ड्यात "निर्दयी" सहा वेळा होतं.
सातव्या खर्ड्यात एकदाही नाही.
विशेषणं तुमच्याऐवजी रडतात, मी म्हटलं होतं,
तारखा वाचणाऱ्याला एकटं सोडतात.
(चांगलं वाक्य. त्याचा मला थोडा गर्वही झाला.)

तरी एक जागा रिकामीच होती.
वेग कोणी वाढवला?

मागच्या बाकावरून, खुर्ची न हलवता,
वेस्ली म्हणाला, "माझ्या वडिलांनी.
बटण त्यांनी फिरवलं. त्यांना फोन आला होता."

सप्टेंबरपासून मी या मुलाच्या आवाजाची वाट पाहत होते.
तो असा येईल असं वाटलं नव्हतं.

फोन आला. इथेही कर्ता नाही, हे मला दिसलं.
मी गप्प राहिले. लाल पेनचं टोपण लावलं.
इत्झेलच वळली, आणि हळू,
जखमेवरची पट्टी सोडवावी तशी, म्हणाली,
"फोन येत नसतो, वेस्ली. कुणीतरी करतं."
तो म्हणाला, "नाव विचारून येतो."

आणि आला विचारून.
गाल सुजला होता का, मी बघितलं. नव्हता.
"बाबा रात्री जेवले नाहीत," एवढंच म्हणाला.

पत्र गेलं. थँक्सगिव्हिंगनंतर उत्तर आलं :
आपले पत्र प्राप्त झाले आहे. विचार केला जात आहे.
सव्वीसच्या सव्वीस मुलं ओरडली, "कोणी?"
शेजारच्या वर्गातून गणिताचे सर धावत आले.
मी त्यांना सांगितलं, व्याकरण चालू आहे.

हात अजून तसाच आहे. पैसे अजून आलेले नाहीत.
इत्झेलची आई डाव्या हातानं सही शिकते आहे,
घरातली कर्ती तीच.

त्या रात्री मी बहिणीला पत्र लिहायला बसले.
वडिलांचं शेत विकलं गेलं तेव्हा
इतकं लिहिलं, आणि पेन थांबलं.
पेन नाही. मी थांबले.
ओळ खोडली.
मी, असं लिहिलं,
आणि पुढचा शब्द माहीत असूनही
बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले.