दोन वायसर

रबाळ्याच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं
मी तिरकं काही पास केलं नाही.
दोन शतांशाचा फरक दिसला
की लाल खडू, की माल परत मशीनवर.
सामंतच्या पोटात गुण्या आहे
असं पोरं माझ्या पाठीमागे म्हणायची.
मला ते ऐकू यायचं.
आवडायचं.

म्हणून विमानाचं इंजिनही गुण्यात बसवलं.
सहा मिलिमीटर प्लायची फळी,
चार भोकं, मागून चार टी-नट,
वरून इपॉक्सीचा हात,
म्हणजे इंधन लाकडात मुरणार नाही.
मध्यरेषा सुईच्या टोकाने ओढली.
सायलेन्सर टोपणाला घासत होता,
टोपण कापलं नखाच्या चंद्राएवढं.
टाकी फार खाली बसत होती,
नाक वर केलं की इंजिन उपाशी मरायचं;
चौकट तासून तीही नऊ मिलिमीटर वर घेतली,
थरथरीने फेस येऊ नये म्हणून
स्पंजात गुंडाळली.

सगळं निस्तरलं.
आणि तरी ऐरोलीत, खाडीकडच्या मैदानावर,
दर रविवारी
चाकांनी जमीन सोडली की विमान
डावीकडे, तिवरांकडे,
जसा सुटलेला बैल गोठ्याकडे.

तीनदा चिखलातून काढलं.
दोष सुकाणूला दिला, सर्वोला दिला,
खाडीच्या वाऱ्याला दिला.
पंख्यालाही दिला एकदा,
जो मी स्वतः काचेवर ठेवून तोलला होता.

ऋजुता केणी, दिव्याच्या कोळीवाड्याशेजारची, नववीतली,
माझी रविवारची मदतनीस,
एरंडेलाने माखलेला पंख पुसता पुसता म्हणाली,
‘काका, आमचे होरीचा मशीन पन
आजानी जरा वाकराच बसवलाय.’
मी म्हणालो, होडी वेगळी.
विमान वेगळं.
ती पुसत राहिली.

पुढच्या रविवारी मला उशीर झाला. दाढदुखी.
पोचलो तोवर तिने पेटी उघडून
सगळं जोडून ठेवलेलं.
विमान उठलं
आणि सरळ गेलं.
पुलाच्या दिशेने, ओढलेल्या रेषेसारखं,
इतकं सरळ की मला स्टिकवरचा अंगठा
कुठे ठेवावा कळेना.
‘बघ,’ मी म्हणालो, ‘वाराच होता.’
ती हो म्हणाली.

रात्री साफसफाईला इंजिन उतरवलं
तर डावीकडच्या दोन बोल्टांमागून
दोन वायसर टेबलावर पडले.
पितळी, एकेक मिलिमीटर,
कडांना खाऱ्या पाण्याचा हिरवा गंज.
एक घरंगळत गेला फ्रिजखाली.

उरलेला परत लावून मी कोनमापक धरला.
मग लक्षात आलं, एकाने काही मोजता येणार नाही.
कागदावर हिशोब केला:
दोन अंश, पंधरा मिनिटं. उजवीकडे.
पंख्याची डावी ओढ जेवढी
तेवढीच बरोबर.
हे तिने डोळ्यांनी केलं होतं.

लक्ष्मण घरत आठवला.
साहेब, हा पंच जरा कलता धरला
तरच पत्रा सरळ उतरतो, म्हणाला होता.
त्याला मी मेमो दिला होता.
नंतर तो पाताळगंगेला गेला, की आणखी कुठे.

कपाटातल्या खोक्यात डेव्हिएशनचं जुनं पॅड सापडलं,
कार्बनसकट.
भाग: इंजिन माउंट.
फरक: दोन अंश पंधरा मिनिटं.
सुचवणार: कु. ऋ. केणी.
कारणाचा रकाना बराच वेळ रिकामा राहिला.
मग लिहिलं, विमान सरळ जातं.
खाली ‘मंजूर’ला गोल.
हात नकळत ‘ना’च्या बाजूला गेला होता आधी.

सही केली.
दुसरा वायसर अजून फ्रिजखाली आहे.
वाकावं लागेल.