आमसुली

बाणेरला चौथ्या मजल्यावर माझं टेबल,
त्यावरचं कॅलेंडर दोन वर्षं पुढचं.
खिडकीबाहेर मार्च, मेट्रोचे खांब, धूळ;
आत पुढच्याच्या पुढची दिवाळी.
लोक काय घालतील हे मी आधी सांगते, त्याचा पगार मिळतो.
आई शेजारच्या दामलेकाकूंना सांगते,
शिमला ऑफिसातल्यासारखंच काहीतरी. अंदाज वर्तवते.
फरक इतकाच, की माझा अंदाज चुकला
तर रस्त्यावर कुणी भिजत नाही,
तिकडे तिरुपूरला चाळीस हजार मीटर कापड
नको त्या रंगात भिजून बसलेलं असतं.

काम म्हणजे मोजणं.
शनिवारी गुडलक चौकात उभी राहते,
कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी.
सैल पायजमे अकरा, घट्ट तीन,
एक मुलगा वडिलांच्या शर्टात, बाह्या दुमडून.
ह्याच्याभोवती वहीत गोल.
तुळशीबागेत विचारते, कुठल्या क्लिपा संपल्या?
उरलेल्या सगळेच दाखवतात.
बुधवारी जुना बाजार,
कारण पुढे जे येणार
ते आधी तिथे गोणपाटावर धूळ खात पडलेलं असतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच अहवालात बसली नाही:
स्कूटरवरच्या त्या हजारो मुली,
डोळे सोडून सगळं ओढणीत,
कोपराच्या वरपर्यंत पांढरे मोजे.
हे कुणीच वर्तवलं नव्हतं.
ऊन होतं, धूर होता,
आणि रस्त्यात कुठेही भेटू शकणारे बाबांचे मित्र.

तर, आमसुली.
मीच सुचवला होता. पडद्यासमोर उभं राहून म्हणाले,
आमसूल भिजत घातलं की पाण्याला येतो तो नव्हे,
त्याच्या आधीचा. कोरडा, जवळजवळ काळा.
बोथरांनी वहीत लिहून घेतलं, दोनदा अधोरेखित केलं.
दोन वर्षांनी मोसम आला
आणि सगळं पुणं पिस्ता रंग घालून फिरलं.

मग एका संध्याकाळी फर्ग्युसन रस्त्यावर,
मुनाफभाईंच्या हातगाडीवर, ढीग.
टाके माझ्या ओळखीचे, गळाही.
दोनशेला एक, साडेतीनशेला दोन.
हा कुठला रंग हो?
ताई, नाव नका विचारू,
कुणीतरी दीडशहाण्यानं ठरवला असणार.
मी दोन घेतले.
घासाघीस केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

परवा सकाळी सहाला, औंधच्या सिग्नलवर,
झाडू खांद्याला लावून तिघी रस्ता ओलांडत होत्या.
महापालिकेच्या कोटाखाली
तिघींचेही कुडते तेच.
पुढे बसथांब्यावर नाईट संपवून आलेली नर्स, तिचाही.
चहाच्या टपरीवर एक बाई दूध ओतत होती, बाह्या वर सारून.
मी मोजत गेले. ब्रेमन चौकापर्यंत नऊ.
आणि धुऊन धुऊन तो उतरला होता,
लालसर, पातळ,
भिजत घातलेल्या पाण्याचा.
मी जो नव्हे म्हणाले होते, तोच.

ऑफिसात बोथरांचा फोन होता:
पुढच्या हिवाळ्याचं काय?
वही उघडी होती, नऊ रेघा ओढलेल्या.
त्यांना म्हणाले, थोडं थांबा,
अजून दोन धुणी व्हायचीत.