वाळूची परात

ग्युमरीत पत्र्याच्या डब्यांत राहायला लागून
आम्हाला हा चौथा हिवाळा.
डबे कुठल्या देशातून कसला माल घेऊन आले, कोण जाणे.
माझ्या भिंतीवर एक बाण आहे, खाली परकी अक्षरं.
शिकलेला एकजण म्हणाला, लिहिलंय: ही बाजू वर.
त्या वर्षात तेवढंच एकदा हसलो.

मी वेल्डर. गागिक.
पिंपं कापून शेगड्या करतो,
वीज दिवसाला तासभर, तीही तिच्या मनात आलं तर.
डाव्या हाताच्या दोन बोटांना नखं नाहीत,
भावाला उकरताना गेली.
तो मिळाला तिसऱ्या दिवशी. पुढचं विचारू नका.

शेजारच्या डब्यात ह्रिप्सिमेबाई, भूमितीच्या.
त्या सकाळी खडू संपला म्हणून
तिसऱ्या मजल्यावरून खाली आल्या होत्या.
खोका हातात होता आणि जिना नव्हता.
वर बावीस मुलं.
खोका अजून उशाशी. न उघडलेला.

एका शनिवारी त्या दाराशी:
‘गागिक, एक परात करून दे, कड बोटभर उंच.
चर्चमध्ये मेणबत्त्या खोचायला काही उरलं नाही.’

मी म्हटलं, कसलं चर्च?
घुमट अंगणात पालथा पडलाय, छताच्या जागी आभाळ.
आणि बाई, त्याला उजेड कशाला?
त्याला दिसत असतं तर...
तिथंच जीभ आवरली.
‘ते उरलेलं अर्धं वाक्य,’ त्या म्हणाल्या,
‘मी रोज त्याच्यापुढे पुरं करते.
दुसरी प्रार्थना मला आता येत नाही.’

मग खोका उघडला.
दोऱ्याचं एक टोक माझ्या अंगठ्याखाली दाबलं,
‘हलू नकोस, तू केंद्रबिंदू,’
आणि गंजक्या पत्र्यावर वर्तुळ काढलं
असं, की सुरुवात शोधून सापडेना.
बोटांचा खडू त्यांनी पुसला नाही.

मी कापलं, कड वळवली, डाग दिला.
नदीची वाळू चाळून भरली.

रविवारी बर्फ.
तेर हुसिकांच्या दाढीत बर्फ, पोथीवर बर्फ,
आणि ते आपले गातायत, नाक चोंदलेलं, बेसूर.
बाईंनी बावीस मेणबत्त्या लावल्या.
वारा एक विझवी, त्या दुसरीवरून ती पेटवीत.
मी दाराशी, म्हणजे पूर्वी दार होतं तिथं,
टोपी डोक्यावरच.

सातव्यांदा विझली तेव्हा
माझे हात पुढे गेले. मी पाठवले नव्हते.
दगड उपसलेली तीच बोटं
ज्योतीला आडोसा धरून उभी.
शेजारी आणखी एक ओंजळ आली, पीठ लागलेली,
मग एक चिमुकली, लाल हातमोज्यातली,
मग कुणाचा हात कुणाचा तेच कळेना.
मोठा घुमट बाहेर मातीत
आणि इथं कमरेइतक्या उंचीवर
हा हातांचा, गळका.

कुणी परत आलं नाही.
बर्फ दुपारपर्यंत पडला, पिठाची रांग तेवढीच लांब.
मी मानतो असं म्हणत नाही.
क्रूसाची खूण करताना
आधी कुठला खांदा, अजून चुकतं.
पण शनिवारी परात घरी आणतो,
थिजलेलं मेण सुरीनं खरवडतो.

परवा वाळूत तेविसावं थोटूक निघालं.
बाईंना विचारलं, हे कुणाचं?
‘तुझ्या भावाचं. नाव तू कधी सांगितलं नाहीस,
बिननावाचंच लावत आलेय.’

ओनिक, मी म्हटलं.
चार वर्षांनी, मोठ्यानं.
त्यांनी खडू काढला. भिंतीवर जागा कमी होती,
म्हणून बाणाखाली लिहिलं.